राणीवशातली चूल

जेवणाच्या सुट्टीत पंकजनं मोबाइल भरतच्या नाकापुढे धरला आणि विचारलं, "हा तुझा पोरगा ना रे?" भरतच्या एका हातात भाकरीचा तुकडा होता, दुसऱ्या हातानं तो मिरचीचं देठ काढत होता. पॅकिंग खात्यातली माणसं जेवताना कायम काहीतरी बघत असतात आणि एकमेकांना दाखवत असतात, त्यात नवीन काही नव्हतं. त्यानं मान वर केली. पडद्यावर खरंच प्रज्वल होता. अंगात गड साफ करणाऱ्या संस्थेचा टीशर्ट, डोक्याला रुमाल, हातात पहार. मागं दहाबारा पोरं रांगेत उभी राहून एकमेकांकडे दगड सरकवत होती आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहून येत होतं की गडावर पार्ट्या करणाऱ्यांनी पेटवलेल्या चुली आम्ही काढून टाकल्या, गड स्वच्छ केला. "नाव काढलं रे पोरानं," पंकज म्हणाला. भरत हसला. हसता हसता त्याची नजर प्रज्वलच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथं एक कोनाडा होता, खालची कड फुटलेला. भाकरीचा तुकडा त्यानं डब्यात परत ठेवला. तो कोनाडा त्याच्या ओळखीचा होता. त्यात त्याची आई रॉकेलची चिमणी ठेवायची आणि कड फुटलेली असल्यामुळे चिमणीखाली चपटी खापरी सरकवायची. कोनाड्याच्या बरोबर खाली, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर, त्यांची चूल होती. पडद्यावर ती जागा रिकामी होती. झाडून पुसून लख्ख केलेली. शेवटी सगळी पोरं त्याच जागेवर उभी राहून एकमेकांना तीळगूळ देत होती, आणि पंकजनं पुन्हा दाखवू का विचारलं तेव्हा भरत नको म्हणाला.

तीळगूळ, म्हणजे पौष. दुपारभर खोकी बंद करताना त्याच्या मनातून हे जाईना. खोकं ओढायचं, पट्टी लावायची, पुढं ढकलायचं. हात आपोआप चालत होते आणि डोकं पुन्हा पुन्हा तेवढ्याच ठिकाणी जाऊन अडकत होतं. पौषात म्हातारा, त्याचा बाप कुंडलिक, ठणठणीत होता. संक्रांतीला भरत पाड्यावर गेला तेव्हा कुंडलिक पेंढ्याच्या उडवीवर चढून बसला होता आणि खाली उतरा म्हटलं तर उतरत नव्हता. मग माघात खोकला लागला. शहापूरच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवला, सांगितलं की छाती जुनीच खराब आहे, बिड्या आणि चुलीचा धूर, आता वयही झालं. शिमग्याची होळी म्हाताऱ्यानं खाटेवरून बघितली, आणि धुळवडीनंतर चार रोजांत गेला. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. भरतनं स्वतः तो छातीचा फोटो उजेडाकडे धरून बघितला होता. तरी संध्याकाळी घरी जाताना वाशिंदच्या त्या नव्या इमारतीचा जिना चढताना त्याला वाटलं की वर दार उघडायला प्रज्वल येऊ नये.

हे दुसऱ्या कुणाला सांगून कळण्यातलं नव्हतं. पंकजला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तीन दगडांचं काय घेऊन बसलास. पण भरतचा जन्मच त्या तीन दगडांपाशी झाला होता. त्याच्या लहानपणी चैत्र लागला की पाड्यावरची विहीर खरवडून निघायची. घागर बुडायची नाही, वाटीनं भरावी लागायची. गडावरच्या टाक्यांत मात्र पाणी असायचं, काळंभोर, गार, वैशाखातही न आटणारं. मग सगळा पाडाच गडावर राहायला जायचा. गुरं, कोंबड्या, तान्ही पोरं, तांदळाची गाठोडी, सगळं घेऊन लोक वर चढायचे आणि पडक्या वाड्यांतून ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागी बिऱ्हाड मांडायचे. गुणाच्या घरचे पागेत. बाळ्याचा आजा अंबारखान्यात, कारण त्याची माणसं जास्त. कुंडलिकच्या वाट्याला पिढ्यांपासून राणीवसा आला होता. वर पळसाची पानं शाकारली की झालं घर. तिथंच एका वैशाखात त्याची आई सकुबाई अडली आणि मोकळी झाली. "आमचा भरत राजवाड्यातला," कुंडलिक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "त्याला खाली करमत नाय." पाडा हसायचा. भरतही पुष्कळ दिवस ते खरंच धरून चालला होता आणि शाळेत गुरुजींनी राजांची नावं विचारली तेव्हा त्यानं मोठ्या धीरानं बापाचं नाव सांगून मार खाल्ला होता.

पाऊस तोंडावर आला की बिऱ्हाडं खाली यायची. भांडी यायची, पानं उतरवायची, पण चुलीचे तीन दगड कुणी हलवायचं नाही. त्यांच्यावर करवंदाची काटेरी फांदी झाकून ठेवायची, पुढच्या चैत्रापर्यंत. दगड माणसाच्या नावाचे असायचे, घरधन्याच्या. तो जिवंत आहे तोवर चूल सुलटी. तो गेला की त्याच्या मुलानं पावसाआधी वर जायचं, मूठभर तांदूळ वाहायचे आणि तिन्ही दगडांची काळी बाजू जमिनीकडे करायची. चूल पालथी घालायची. मग त्या जिवाला कळतं की आता इथं आपल्यासाठी काही शिजत नाही, आणि तो वाटेला लागतो. तोवर तो जेवायच्या वेळेला येऊन बसतो, म्हणून तोवर घरीही त्याचं ताट मांडायचं. लहानपणी एकदा भरतनं खेकडा सापडेल म्हणून चुलीचा एक दगड उचलला होता. कुंडलिकनं उभ्या जन्मात पोरांवर हात टाकला नव्हता, पण त्या दिवशी त्यानं भरतच्या अशी मुस्काटात दिली की कान सुन्न झाला. नंतर त्यालाच जवळ ओढून म्हणाला, "मला मारतोस काय रे भरत्या? माझ्या जित्तेपणी?" तो आवाज भरतच्या कानात अजून होता. पुढं पाड्यावर बोअर आली, टँकर यायला लागला, वर राहायला बंदी झाली. भरत कारखान्याला लागला. गडावर कुणी राहीनासं झालं, पण चुली होत्या. म्हातारे एकेक करून गेले तशा त्या एकेक करून पालथ्या झाल्या. कुंडलिकची तेवढी सुलटी राहिली होती, आणि पौषात, तो पेंढ्याच्या उडवीवर चढून बसत होता तेव्हा, त्याच्या सख्ख्या नातवानं ती उचलली होती.

"चूल कधी पालथी घालतोस?" सकुबाईचे फोन शिमग्यापासून चालू होते. "मी ताट मांडते रोज. त्याच्या पाटावर. पन किती दिस बसवायचा त्याला असा?" भरत ओव्हरटाइमचं सांगायचा, पुढच्या रविवारचं सांगायचा. खरं म्हणजे त्याला जायचं नव्हतं. चूल पालथी घातली की बाप संपला, आणि तो संपवणारे हात आपले, हे त्याच्यानं होत नव्हतं. आता तर पालथी घालायला चूलच नव्हती. दगड दरीत गेले असतील तर म्हाताऱ्याचं काय? तो असाच जेवायच्या वेळी येत राहणार आणि आई मरेपर्यंत ताट मांडत राहणार? आणि ते पोर? भरत असल्या गोष्टी मानत नाही, असं तो स्वतःला दुपारपासून सांगत होता. पण मानत नाही म्हणणाऱ्या माणसाला एवढं भय वाटायचं कारण काय, हे त्याला सांगता येत नव्हतं. रात्री जेवताना त्यानं प्रज्वलकडे बघितलं. पोरगा कॉलेजातलं काहीतरी सांगत आपल्या आईला, अनिताला, हसवत होता. हसताना तो डोळे बारीक करायचा, अगदी कुंडलिकसारखे. भरतच्या मनात येऊ नये ते येऊन गेलं. ह्यानं मारलं माझ्या बापाला. त्या विचाराची त्याला इतकी शरम वाटली की तो ताटावरून उठला आणि अनितानं काय झालं विचारलं तेव्हा ॲसिडिटी म्हणाला. मग दारातूनच, पाठमोरा, तो प्रज्वलला म्हणाला, "रविवारी माझ्याबरोबर गडावर चल. तुझं काम दाखव."

खर्डीला उतरून रिक्षानं पाड्यावर आले तेव्हा ऊन चढलेलं होतं. सकुबाईनं तांदळाची पुरचुंडी भरतच्या हातात दिली. तिनं नातवाकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि एवढंच म्हणाली, "दोघं जाताय? बरं हाय." वाटेवर प्रज्वल पुढं आणि भरत मागं. सांगायचं, हे भरतनं ठरवलं होतं. पहिल्या खडकापाशी सांगू, मग आंब्यापाशी सांगू, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या लागल्या की सांगू. काय सांगायचं तेही जुळवून ठेवलं होतं, शांतपणे, न ओरडता. पण प्रज्वल बोलायचाच थांबेना. ही वाट आम्ही साफ केली, ही पायरी आम्ही बसवली. त्याच्या मानेवर घाम होता आणि पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. बापाला दम लागलेला कळला की तो न बोलता थांबायचा आणि लांब कुठंतरी बघत राहायचा, बापाला लाज वाटू नये म्हणून. हे त्याला कुणी शिकवलं होतं? कुंडलिकच असा थांबायचा, सकुबाई डोक्यावर भांडी घेऊन चढत असताना.

दरवाज्यात गुणा भेटला. पागेतला गुणा. आता त्याच्या अंगावर पहारेकऱ्याचा गणवेश होता आणि गळ्यात शिट्टी. "भरतदादा, पाचला गेट बंद हां," तो सवयीनं बोलून गेला आणि मग स्वतःच ओशाळला. "तुला काय सांगतोय मी. पन कॅमेरा लावलाय ना वर." दोघं हसले. ज्या दरवाज्यातून ते उघडेनागडे गुरांमागं धावले होते त्याच दरवाज्यावर गुणा आता कुणी आत चुली पेटवू नये म्हणून उभा होता, आणि त्याचा पगारही वेळेवर होत होता. प्रज्वल पुढं गेला तसा गुणा आवाज खाली आणून म्हणाला, "तात्या शेवटचा आलेला तवा मीच होतो ड्यूटीला. संक्रातीनंतर. येकटाच चढलेला."

"कोण? बाबा?" भरतला काही कळेना. "वर आलेला?"

"तुला ठावं नाय? लई वेळ बसलेला राणीवशात. मी हाक मारली, पन मान नाय वळवली. मंग आपला आपन उतरून गेला." पायऱ्यांवरून माणसांचा घोळका आला आणि गुणा शिट्टी तोंडात घालून तिकडे वळला.

भरत तिथंच दगडावर टेकला. म्हणजे म्हाताऱ्यानं बघितलं होतं. आपली चूल जागेवर नाही हे आपल्या डोळ्यांनी बघून, एकटा, तो हा सगळा गड उतरला आणि घरी येऊन खोकायला लागला. काय वाटलं असेल त्याला त्या रिकाम्या जागेपुढं बसून? मुलाला फोन करावासा का वाटला नाही? भरतला एकदम रडू फुटायला आलं आणि त्याच्या मागोमाग राग आला, असा की हातातली पुरचुंडी त्यानं घट्ट आवळली आणि आतले तांदूळ करकरले. आता सांगायचंच. आता तोंडावर सांगायचं.

राणीवशापाशी लोखंडी पाटी होती. भोवती गवत कापून सारखं केलेलं. प्रज्वल पाटीशेजारी उभा राहिला आणि शाळेत पाठांतर म्हणून दाखवतात तसं सगळं सांगायला लागला. इथे राजाची राणी बाळंतपणाला येऊन राहिली. मग किल्लेदार आले, शिबंदी आली. मग इंग्रजांनी तोफा लावून वाडे पाडले, काही वर्षं कैदी ठेवले.

"मग?" भरतनं विचारलं.

"मग काही नाही. मग गड ओसच होता. आम्ही काम सुरू करेपर्यंत."

भरतनं कोनाड्याकडे बघितलं. फुटकी कड तशीच होती. तिच्यावरचा काळा डाग कुणीतरी घासून घासून फिका केला होता, पण तो पुरता गेला नव्हता. काही नाही, म्हणजे सकुबाईच्या कळा. काही नाही, म्हणजे अंबारखान्यातून येणारा बाळ्याच्या आज्याचा खोकला, टाक्यावर बायकांची भांडणं, नाचणीच्या आंबिलीचा वास, संध्याकाळी सगळ्या वाड्यांतून एकदम वर चढणारा धूर. इतकी वर्षं माणसं इथं जन्मली, भांडली, जेवली, आणि पाटीवर त्यांना एक ओळ नव्हती. पण पाटी लिहिणाऱ्यावर तरी काय चिडायचं? ह्या पोराला हे कधी कुणी सांगितलं होतं? वाशिंदच्या दोन खोल्यांत आपला बाप पडक्या भिंतीत पळसाच्या पानांखाली जन्मला ही गोष्ट कधी निघालीच नव्हती.

"बाबा, हे बघा." प्रज्वल त्याला हाताला धरून ओढत होता. "तुम्हाला हेच दाखवायचं होतं." कोनाड्याच्या डाव्या अंगाला भिंत ढासळलेली असायची, तिथून भरतच्या लहानपणी शेळ्या आत शिरायच्या. ती आता उभी होती, कमरेएवढी. "ही मी रचलीय. परवानगी काढून, चुना नाही, काही नाही, दगडावर दगड. आणि हे तीन दगड बघा. मूळ वाड्याचे आहेत, घडीव. कुणीतरी चुलीला लावले होते. बाकीच्या चुलींचे दगड आम्ही दरीत टाकले, पण हे टाकवेनात. एका अंगानं काळे झाले होते, ती बाजू आत घातली. आता कळतं तरी का?"

कळत नव्हतं. तिन्ही दगड शेजारी शेजारी बसले होते, स्वच्छ, करडे, काळं तोंड भिंतीत घालून. भरतनं जुळवून आणलेलं सगळं वाक्य घशाशी आलं. त्यानं तोंड उघडलं. प्रज्वल त्याच्याकडे बघत होता, डोळे बारीक करून, बाप आता काय म्हणतो याची वाट बघत. त्याच्या बोटांना अजून पौषातल्या कामाचे घट्टे होते. भरतनं त्याच्यावरची नजर काढली आणि भिंतीवर हात ठेवला. दगड उन्हानं तापले होते. लहानपणी चूल विझल्यावर तो असाच हात ठेवून बघायचा, आणि आई म्हणायची, अजून ऊब हाय, झोप आता. हात तसाच ठेवून तो उभा राहिला, प्रज्वल कंटाळून पाण्याची बाटली काढेपर्यंत. मग त्यानं पुरचुंडी सोडली आणि तांदूळ त्या तीन दगडांच्या वर ओतले.

"बाबा, इथे काही टाकायचं नसतं," प्रज्वल हळूच म्हणाला.

"चिमण्या खातील," भरत म्हणाला. "भिंत चांगली बांधलीस रे."

प्रज्वलचं तोंड फुललं. उतरताना तो पुन्हा बोलत राहिला आणि भरत हूं हूं करत राहिला. एक ओझं त्यानं पोराच्या डोक्यावर टाकलं नव्हतं, पण ते कुठं टाकलंही नव्हतं, ते त्याच्यापाशीच होतं. आईला काय सांगायचं? चूल पालथी आहे एवढं सांगायचं आणि गप्प राहायचं. कधी झाली ते ती विचारणार नाही. विचारलं तर खोटं बोलायचं. म्हाताऱ्या बाईला या वयात हे कळून नातवाच्या तोंडाकडे बघायचीही चोरी झाली, तर काय उरलं? पाड्याची कौलं दिसायला लागली तेव्हा त्यानं ते खोटं मनात दोनदा म्हणून बघितलं.

सकुबाई पडवीत मोहाची फुलं निवडत बसली होती. प्रज्वल पाय धुवायला नळावर गेला. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"घातली पालथी?"

"घातली," भरत म्हणाला. आणि मग, का कोण जाणे, पुढं बोलून गेला, "प्रज्वलच्या हातानं."

सकुबाईची बोटं फुलांतला कचरा वेचत राहिली. "ठावं हाय," ती म्हणाली. "पौषातच घातली त्यानं."

भरतनं नळाकडे बघितलं. नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"पोरानं फोनवर भित रचल्याचं सांगितलेलं, म्हनून तुझा बापूस बघून आलेला, आपले दगड वळखून आलेला. आल्यावर भाकर नाय खाल्ली त्यानं त्या दिशी. मी म्हटलं, काय झालं? तर मला म्हनतो, पोरानं भित सरळ रचलेय. माझ्या बापाला नसती जमली अशी." सकुबाईनं पदरानं नाक पुसलं. "आनि मंग म्हनतो, सुटलो मी. भरत्याच्यानं झालं नसतं ते."

"मग मला कशाला पाठवलंस गो आये?" भरतचा आवाज फुटला. "रोज ताट कशाला मांडलंस?"

"तूच जायाला पायजे होतास म्हनून. त्यानंच सांगून ठेवलेलं. भरत्याला कधीतरी कळनार, आनि कळलं की तो पोरावर डाफरनार. तवा त्याला वर धाड, म्हनला. भिताडाला हात लावून बघू दे. आनि तो पोराला घेऊन खाली येईपर्यंत माझं ताट काढू नको." तिनं आता मान वर केली. डोळे कोरडे होते आणि अगदी स्वच्छ. "पोराला काय बोललास?"

"काय नाय बोललो."

"नको बोलू." तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर हात रेटून उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. भरत पडवीच्या खांबाला टेकून बसला आणि बाप गेल्यावर प्रथमच मोकळेपणी रडला, आवाज न करता, नळाकडे पाठ करून.

प्रज्वल ओले पाय आपटत आला. सकुबाईनं ताटं वाढली होती, भाताची, वालाच्या आमटीची. भिंतीपाशी कुंडलिकचा पाट होता. शिमग्यापासून त्या पाटापुढं रोज एक ताट असायचं आणि घरातलं सगळं त्याला वळसा घालून चालायचं. आज पाट होता, त्याच्यापुढं ताट नव्हतं. बाकी जागा चिंचोळी, तिघांना अडचण होत होती. प्रज्वल ताट हातात घेऊन घोटाळला.

"आजी, आजोबांच्या पाटावर बसू का?"

सकुबाईनं पाट पदरानं पुसला.

"बस," ती म्हणाली. "मोकळी हाय आता जागा."